सुदर्शनला पहिला प्रयोग करताना

अगं, पुण्यात शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर तुमची एकांकिका होतेय, फार आनंद झाला. सगळ्यात आधी आवाज खाली आण. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य फेकायची सवय लागते. सुदर्शनला प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतो. त्याला तुझा श्वास ऐकू येतो, नजर भिरभिरली की लगेच कळते. रिकाम्या कपातून चहा पिऊ नकोस, कपात खरंच काहीतरी असू दे. मेकअप अगदी नावापुरता.

तालमीच्या खोलीत खडूने रंगमंचाचं माप आखून घ्या. नेपथ्य मोजकंच. प्रकाशयोजना करणाऱ्याला निदान दोन तालमींना बसवा, हे मात्र टाळू नका.

दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने नाटकं केली, तीही अशीच जवळून बघायची. आपली प्रायोगिक रंगभूमी अशा छोट्या जागांनीच जगवली, असं मला मनापासून वाटतं. म्हणून इतरांचे प्रयोग तिकीट काढून बघ, आणि संपल्यावर सामान आवरायला थांब. मला पहिली भूमिका अशीच, लेव्हल्स (नेपथ्यातले लाकडी चौथरे) उचलताना मिळाली होती.