ऊसशेती बदलताना पहिल्या वर्षी एवढेच करा

निपाणीकडची आपली ऊसशेती रसायनांवरून हळूहळू सोडवण्याचा आपला विचार ऐकून मनापासून आनंद झाला. मात्र पहिल्याच हंगामात सगळी खते एकदम बंद करू नका. वर्षानुवर्षे युरियावर पिकलेल्या रानात त्यामुळे उसाचे उत्पादन घसरते आणि पुष्कळ नवे शेतकरी तिथेच माघार घेतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तोडणीनंतर पाचट (उसाची वाळलेली पाने) पेटवू नका. त्या आगीत सेंद्रिय कर्ब आणि नत्र (नायट्रोजन) धुरावाटे निघून जातात. उलट तेच पाचट सरीत पसरून कुजू दिले, तर ओल टिकते, तण कमी उगवते आणि खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, खत मिळते. कुजताना ते जमिनीतील नत्र ओढते, म्हणून सुरुवातीला त्यावर थोडा युरिया टाकण्यात काहीच कमीपणा नाही.

त्याखेरीज तीन गोष्टी:
- रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या स्थानिक केंद्रात) चौकशी करून माती तपासून घ्या, म्हणजे युरिया गरजेपुरताच देता येईल. युरियात ४६ टक्के नत्र असते आणि पिकाने न उचललेले नत्र विहिरीच्या पाण्यात उतरते किंवा हवेत जाते.
- पाटाचे पाणी मोकाट सोडू नका. कृष्णाकाठची काळी रानेही अति पाण्याने क्षारपड होतात, म्हणजे त्यांत क्षार साचतात, आणि ती सुधारणे फार कठीण असते.
- नव्या लागणीपूर्वी ताग पेरून तो फुलोऱ्यात आला की हिरवळीचे खत म्हणून जमिनीत गाडा.

ठिबक, आंतरपिके आणि सेंद्रिय शेतीचे प्रमाणपत्र यांचा विचार पुढच्या वर्षी करू.