दोन चिकट थर, एक परीक्षण अहवाल आणि प्रदर्शनात ठेवलेला तुकडा

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत त्यांचा छोटा कारखाना असून तेथे साखर कारखाने आणि फाउंड्रींसाठी यंत्रांवर बसवायचे डिस्प्ले पॅनल तयार होतात. समोर न फुटणारे पॉलिकार्बोनेटचे आवरण, मागे एलसीडीची काच आणि या दोहोंमध्ये एकाऐवजी दोन पारदर्शक चिकट थर, अशी त्यांची रचना आहे. तिच्या पेटंटसाठी त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये स्वतःच अर्ज केला. पेटंट कार्यालयाचा ९ जानेवारी २०२६ चा पहिला परीक्षण अहवाल हाती आला असून त्यात दोन जुने परदेशी दस्तऐवज दाखवून ‘नावीन्य आहे, पण कल्पकतेची पायरी नाही’, म्हणजे रचना नवी असली तरी जाणकाराला सहज सुचण्यासारखी आहे, असे म्हटले आहे. शिवाय कलम ३(एफ) चा, म्हणजे ही ओळखीच्या साधनांची नुसती मांडणी असल्याचा, आणि दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारी वाक्ये, अस्पष्ट असल्याचा आक्षेप आहे. वाचक विचारतात की, नंतर केलेल्या चाचण्यांचे आकडे अर्जात घालून उत्तर देता येईल का, आणि काम बिघडलेच तर मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचमध्ये दाद मागता येईल का. पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावे तसे, त्यांनी हेही लिहिले आहे की नोव्हेंबर २०२२ च्या गळीत हंगामात दोन पॅनल एका साखर कारखान्यात बसवली होती आणि जानेवारी २०२३ मध्ये कोल्हापुरातील एका औद्योगिक प्रदर्शनात मांडणीही केली होती.

महोदय,

आपण ज्याला शेवटचे स्थान दिले, ती बाब मला सर्वांत गंभीर वाटते. तरीही मुदत चालू असल्यामुळे आधी अहवालाविषयी लिहितो.

अहवालाच्या तारखेपासून ६ महिन्यांत, म्हणजे ९ जुलै २०२६ पर्यंत, सर्व आक्षेपांना उत्तर दाखल झाले पाहिजे. ही मुदत संपण्यापूर्वी नमुना ४ आणि शुल्क भरून ३ महिन्यांपर्यंत वाढ मागता येते. परंतु दोन्हीपैकी काहीच झाले नाही, तर पेटंट कायदा, १९७० च्या कलम २१ प्रमाणे अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते आणि मग आपली रचना कितीही चांगली असली तरी ती पाहायला कोणी उरत नाही. वाढीव मुदत हाताशी आहे म्हणून काम पुढे ढकलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आक्षेपाचा गाभा. परीक्षकांनी दाखवलेला पहिला दस्तऐवज घडी घालता येणाऱ्या मोबाइलच्या पडद्याचा आहे, ज्यात एक कठीण आणि एक मऊ असे दोन चिकट थर आहेत. दुसरा मोटारगाडीतील पडद्याचा असून त्यात पॉलिकार्बोनेटचे आवरण आणि त्यामागे एकच जाड, मऊ थर आहे. या दोहोंची जोड घातली की आपली रचना मिळते आणि या क्षेत्रातील कोणताही जाणकार कारागीर तेवढे करू शकला असता, असे परीक्षकांचे म्हणणे आहे. आपल्या मूळ दाव्यात ‘आवरण, पहिला चिकट थर, त्याहून मऊ दुसरा चिकट थर आणि डिस्प्ले पॅनल’ एवढेच लिहिले असल्यामुळे, खरे सांगायचे तर, परीक्षकांना मी फारसा दोष देत नाही. दाव्यात थरांची संख्या आली आहे, ते थर तिथे कशासाठी आहेत हे आलेले नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आठवावाच लागतो. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या प्रकरणात लेथवर भांडी धरून घासण्या-चकाकवण्याच्या पद्धतीचे आणि साधनाचे पेटंट होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कोणत्याही टर्नरला एका वाक्यात समजेल असा तो विषय. न्यायालयाने म्हटले की निव्वळ कारखान्यातली सुधारणा पेटंटला पुरत नाही, त्यापुढचे काहीतरी लागते, आणि ते पेटंट टिकले नाही. आपल्या उत्तराला ही पायरी ओलांडायची आहे. त्यासाठी लागणारे सामान आपल्याच तपशीलपत्राच्या, म्हणजे अर्जासोबत दिलेल्या शोधाच्या वर्णनाच्या, सातव्या पानावर आहे. ते दाव्यात आले नाही, एवढीच चूक झाली आहे.

त्या पानावर आपण लिहिले आहे की कठीण थर पॉलिकार्बोनेटकडे आणि मऊ थर काचेकडे ठेवला असता ‘बुडबुडेही येत नाहीत आणि कडाही सुटत नाहीत’. या एका वाक्यात दोन वेगळ्या अडचणी आहेत. पॉलिकार्बोनेट तापले की त्यातून वायू आणि ओलावा बाहेर पडतो आणि चिकट थर मऊ असेल तर तो तिथेच फुगून बुडबुडा धरतो. हे रोखायला त्या बाजूला घट्ट, कठीण थर हवा. उलट प्रसरणाचा हिशेब मऊ थर मागतो. साखर कारखान्यात जिथे रस उकळून आटवतात त्या पॅन स्टेशनजवळ तापमान ४० अंशांनी वाढले असे धरले, तर २५० मिमी लांबीचे पॉलिकार्बोनेट सुमारे ०.६५ मिमी लांबते आणि एलसीडीची काच तेवढ्यातच ०.०४ मिमीसुद्धा वाढत नाही. म्हणजे प्रत्येक टोकाला साधारण ०.३ मिमीची ओढाताण होते. नुसता कठीण थर असता तर ती ओढ थेट काचेवर जाऊन पडद्यावर ढगाळ डाग पडले असते किंवा कड सुटली असती, आणि नुसता मऊ थर असता तर बुडबुडे आले असते. एक थर दुसऱ्याची उणीव भरून काढतो आणि थरांचा क्रम उलटा केला तर दोन्ही फायदे जातात.

कलम ३(एफ) चे उत्तरही यातच आहे. ओळखीची साधने शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापले जुने काम स्वतंत्रपणे करत राहिले, तर ते कलम लागते. येथे मऊ थराला बुडबुड्यांची चिंता करावी लागत नाही ती केवळ कठीण थरामुळे, आणि कठीण थर काचेला न ताणता टिकतो तो मऊ थरामुळे. म्हणजे ते स्वतंत्र नाहीत. उत्तरात हा मुद्दा दोन ओळींत उरकू नका, त्याला पूर्ण पान द्या.

कल्पकतेच्या पायरीविषयी लिहिताना दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१५ मध्ये हॉफमन-ला रोश विरुद्ध सिप्ला या प्रकरणात सांगितलेला क्रम पाळावा. या क्षेत्रातील जाणकार व्यक्ती कोण, शोधातील कल्पक भाग कोणता, त्या तारखेला सर्वसामान्य ज्ञान काय होते आणि जुन्या दस्तऐवजांपासून आपला फरक किती, हे ठरवून मग, उत्तर आधीच माहीत नसल्यासारखे वागून, तो फरक त्या व्यक्तीला सहज सुचला असता का, असे विचारायचे. पहिल्या दस्तऐवजातील थर घडी पडताना येणाऱ्या वाकाचा प्रश्न सोडवतात. तिथे पॉलिकार्बोनेट नाही आणि वायूचा प्रश्नही नाही. दुसऱ्यात पॉलिकार्बोनेट आहे, पण एकच थर आहे. तो दुसरा दस्तऐवज आपण शब्दन्‌शब्द वाचावा आणि त्यात बुडबुड्यांचा उल्लेख आहे का, असल्यास त्यावर कोणता उपाय सांगितला आहे, हे मला कळवावे. त्यांनी आवरण आधी भाजून कोरडे करण्याचा किंवा वेगळ्या लेपाचा मार्ग घेतला असेल, तर तो दस्तऐवज वाचणारा माणूस आपल्या वाटेने न जाता दुसरीकडे वळतो, असे म्हणता येईल. कठीण थराचा उल्लेख कुठे निघाला, तर मात्र उत्तर मला वेगळ्या पायावर उभे करावे लागेल.

आता चाचण्यांच्या आकड्यांविषयी. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत ५०० तास ठेवलेल्या तीन पॅनलचे निष्कर्ष आपण तपशीलपत्रात घालू इच्छिता. तसे करता येणार नाही. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती ही दावा आकुंचित करणारी, चूक सुधारणारी किंवा खुलासा करणारी असावी लागते. मूळ कागदात नव्हता असा मजकूर आत येऊ शकत नाही आणि दुरुस्त दावा मूळ दाव्याच्या कक्षेबाहेर जाऊ शकत नाही. मात्र तेच आकडे प्रतिज्ञापत्रावर, उत्तरासोबतचा पुरावा म्हणून देता येतात, कारण ‘बुडबुडे येत नाहीत, कडा सुटत नाहीत’ हा परिणाम मूळ कागदात पहिल्यापासून आहे आणि आकडे त्यालाच दुजोरा देतात. या चाचणीत क्रम उलटा केलेले एखादे पॅनल असेल, तर त्याचे निष्कर्ष सर्वांत आधी लावा. नसेल, तर जुलैपूर्वी ती एक चाचणी करून घ्या. वाट्टेल तेवढे युक्तिवाद लिहिण्यापेक्षा उलट्या क्रमाच्या पॅनलमधील बुडबुड्यांचे एक छायाचित्र अधिक उपयोगी पडेल.

अस्पष्टतेचा आक्षेप कलम १०(५) खालील असून तो रास्त आहे, कारण ‘मऊ’ म्हणजे किती, हे दावा सांगत नाही. सुदैवाने आपल्या मूळ चौथ्या दाव्यात पहिल्या थराचा स्टोरेज मॉड्युलस (थर किती कठीण आहे याचे माप) २५ अंशाला दुसऱ्याच्या किमान पाचपट असल्याचे लिहिले आहे. तो भाग आणि सातव्या पानावरील क्रम पहिल्या दाव्यात आणा. म्हणजे दावा साधारण असा होईल: पॉलिकार्बोनेटच्या आवरणाला लागून पहिला पारदर्शक चिकट थर, एलसीडीच्या काचेला लागून दुसरा, आणि २५ अंशाला मोजलेला पहिल्याचा स्टोरेज मॉड्युलस दुसऱ्याच्या किमान पाचपट. येथे मी मराठीत केवळ आशय दिला आहे. कार्यालयात कागद हिंदी किंवा इंग्रजीतच चालतात. असा दावा मूळ दाव्यापेक्षा अरुंद होतो, याचे वाईट वाटून घेऊ नका. प्रतिस्पर्धी ज्या पद्धतीने पॅनल करील ती नेमकी याच दाव्यात सापडेल, असे आपणच पत्रात लिहिले आहे.

आता त्या शेवटच्या परिच्छेदाकडे येतो. अहवालात साखर कारखान्याचा किंवा प्रदर्शनाचा उल्लेख नाही, कारण परीक्षक छापील आणि नोंदलेले साहित्य शोधतात. एखाद्या कारखान्यात काय बसवले होते हे त्यांना कळत नाही. परंतु पेटंट मिळण्यापूर्वी कलम २५(१) खाली कोणतीही व्यक्ती विरोध करू शकते, पेटंट मिळाल्यावर वर्षभर कलम २५(२) खाली हितसंबंधी व्यक्ती करू शकते, आणि त्यानंतरही कलम ६४ खाली ते रद्द करण्याची मागणी होऊ शकते. त्या प्रदर्शनात आपल्या शेजारच्या स्टॉलवर कोण होते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले आठवत असेल.

साखर कारखान्यातील दोन पॅनलसाठी कलम ३२ चा आधार मिळू शकतो. अर्जाच्या तारखेपूर्वी एक वर्षाच्या आत, अर्जदाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने, केवळ वाजवी चाचणीसाठी उघडपणे वापर केला असेल आणि शोधाच्या स्वरूपामुळे ती चाचणी उघड्यावरच करणे आवश्यक असेल, तर तेवढ्यावरून नावीन्य जात नाही. नोव्हेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ हा काळ वर्षाच्या आत आहे, आणि वाफ, उष्णता, कंप यांत पॅनल टिकते का हे बॉयलिंग हाउसशिवाय कळणार नाही, हेही पटवता येईल. अडचण ‘केवळ चाचणीसाठी’ या शब्दांची आहे. पॅनल ‘ट्रायल बेसिस’वर दिल्याचे पत्र आपल्याकडे आहे, हे उत्तम, मात्र हंगाम संपल्यावर त्यांचे पैसे घेतल्याचे आपण लिहिता. ते बिल कोणत्या तारखेचे आहे आणि त्यावर काय लिहिले आहे, यावर पुष्कळ अवलंबून आहे. बिल ऑगस्ट २०२३ नंतरचे असेल, तर मी निश्चिंत होईन.

प्रदर्शनाचे तसे नाही. कलम ३१ चे संरक्षण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनालाच मिळते. आपल्याकडे मैदानावर मंडप घालून भरणाऱ्या औद्योगिक प्रदर्शनाला ते आपोआप मिळत नाही. म्हणून तेथे नेमके काय उघड झाले, एवढाच प्रश्न उरतो. पत्रकावर ‘दुहेरी बाँडिंग’ एवढेच छापले होते, त्यावरून कोणालाही रचना करता येणार नाही. बंद पॅनल पाहूनही आतले थर कळत नाहीत. मला काळजी आहे ती आपण टेबलावर ठेवलेल्या कापलेल्या तुकड्याची. दोन्ही थर पारदर्शक असले तरी कापलेल्या कडेवर त्यांची रेघ दिसते, आणि नखाने दाबले तर मऊ थर कोणता हे जाणकाराला क्षणात कळते. म्हणजे क्रमही कळतो. तुकडा काचेच्या पेटीत होता की लोकांच्या हातात दिला जात होता, कोणी तो सोबत नेला का, या प्रश्नांची खरी उत्तरे मला हवी आहेत. ‘पाचपट’ हे प्रमाण मात्र नखाने कळत नाही, आणि ते पहिल्या दाव्यात आणण्याचे हेही एक कारण आहे.

या गोष्टी आपणहून उत्तरात लिहाव्यात असे मी म्हणत नाही. परंतु प्रतिज्ञापत्रात ‘अर्जापूर्वी हा शोध कोठेही उघड झाला नव्हता’ अशा आशयाचे वाक्य, कोणी तयार नमुना दिला तरी, चुकूनही येऊ देऊ नका. खोट्या निवेदनावर पेटंट मिळाले असल्यास तेवढ्या कारणावरूनही ते रद्द होऊ शकते.

परदेशी अर्जाविषयी विचारले आहे. अग्रक्रमाची, म्हणजे भारतातील अर्जाची तारीख परदेशातही धरून घेण्याची, १२ महिन्यांची मुदत ऑगस्ट २०२४ मध्येच संपली आणि त्यानंतर अर्ज प्रसिद्धही होऊन गेला, त्यामुळे तो विषय सोडावा. सर्किट बेंचचा प्रश्न आज उद्भवत नाही. कंट्रोलर, म्हणजे पेटंट कार्यालयातील निर्णय देणारे अधिकारी, सुनावणी देतील, ती बहुधा व्हिडिओवर होईल, त्यानंतर १५ दिवसांत लेखी म्हणणे देता येईल, आणि कलम १५ खाली नकाराचा आदेश झालाच तर कलम ११७ए प्रमाणे ३ महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येईल. त्या अपिलात नवा पुरावा सहज स्वीकारला जात नाही, म्हणून जे द्यायचे ते आत्ताच्या उत्तरात द्यावे.

भेटीला येताना ट्रायलचे पत्र, पॅनलचे बिल, प्रदर्शनातील स्टॉलची जी असतील ती छायाचित्रे आणि तो कापलेला तुकडा अजून आपल्याकडे असेल तर तोही घेऊन यावे. तुकडा कोणाकडे गेला असेल, तर तो परत मागण्यापूर्वी मला फोन करावा.