डिझाइन थिंकिंगच्या प्रोजेक्टसाठी लोकांच्या मुलाखती घ्यायच्यात, त्यातनं खरंच काही शिकायला मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला डिझाइन थिंकिंग हा विषय आहे, चार जणांचा ग्रुप करून लोकांच्या मुलाखती घ्या आणि आसपासचा एखादा प्रॉब्लेम सोडवा असं सांगितलंय, आणि यातनं काही शिकायला मिळतं की शेवटी नुसती पीपीटीच, असा तुमचा प्रश्न आहे. दोन्ही होतं. पीपीटीतनं सुटका नाही. पण मी त्या एका सेमिस्टरमधे जे शिकले ते मला बाकी कुठल्या विषयात मिळालं नाही, आणि त्यातलं निम्मं आम्ही गाढवपणा केला म्हणून मिळालं, तर तेच सांगते.

स्टॅनफर्डच्या डी स्कूलची (तिथलं डिझाइन शिकवणारं केंद्र) ती पाच पायऱ्यांची आकृती तुम्हाला पहिल्याच लेक्चरला दाखवली असेल, एम्पथाइज, डिफाइन, आयडिएट, प्रोटोटाइप, टेस्ट, म्हणजे माणसाची अडचण समजून घ्या, प्रॉब्लेम नेमका मांडा, उपाय सुचवा, कच्चा नमुना करा आणि तो वापरून बघा. पाठ करून टाका, व्हायवाला विचारतात. आमच्या ग्रुपने मात्र त्या उलट्या चढल्या, म्हणजे आधी उत्तर ठरवलं आणि मग त्याला प्रॉब्लेम शोधायला बाहेर पडलो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात सोमवारी आठवडी बाजार भरतो, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका मेथी, कोथिंबीर, वांगी घेऊन येतात आणि संध्याकाळी उरलेली भाजी मातीमोल भावात देऊन टाकतात, हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. मग काय, भाजी नासते म्हणून देतात, म्हणून कोल्ड स्टोरेज पाहिजे, सोलरवर चालणारं, सेन्सर बिन्सर लावलेलं. एकाने तर थ्रीडी मॉडेल पण काढून ठेवलं होतं. दिल्लीच्या पुसा या शेती संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात विजेशिवाय चालणारा शीतकक्ष काढलाय, विटांच्या दोन भिंती आणि मधे ओली वाळू, उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी खाली येतं, तोही आम्ही वाचून ठेवला होता. तयारी जोरात होती हो.

पहिल्या सोमवारी आम्ही चौघं वह्या आणि गळ्यात आयकार्ड घालून बाजारात गेलो. बायकांना वाटलं पावती फाडणारे आले. एक मावशी आम्हाला बघून भाजीची बुट्टी, म्हणजे टोपली, मागे सरकवायला लागली, दुसरीने विचारलं "किती द्यायचं?" एका तासात आम्ही चौदा मुलाखती उरकल्या आणि प्रत्येकीला विचारलं की मावशी, भाजी ठेवायला थंड खोली मिळाली तर वापराल का. चौदाच्या चौदा जणी म्हणाल्या, "व्हय, चांगलंय की." आम्ही खूश, शंभर टक्के रिस्पॉन्स, पाय चार्ट काढला त्याचा, सगळा एकाच रंगाचा.

सरांनी तो पाय चार्ट बघितला आणि दोनच प्रश्न विचारले. त्या खोलीची किल्ली कुणाकडं राहणार, आणि मंगळवारी ती बाई त्या भाजीसाठी परत गावात येणार का, बाजार तर पुढच्या सोमवारी आहे. आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

इथेच पहिली गोष्ट, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच आहे. "असं असं दिलं तर वापराल का" हे कुणालाच विचारू नका. आपल्याकडे दारात आलेल्या शिकणाऱ्या पोराला कुणी नाही म्हणत नाही, तुमचं मन राखायला हो म्हणतात आणि तुम्ही तो डेटा समजून बसता. "तुम्हाला काय पाहिजे" हेही नको, त्याला उत्तर येतं सरकारने हे करावं न् ते करावं. त्याऐवजी गेल्या वेळेचं विचारा. गेल्या सोमवारी किती वाजता निघालात, काय काय आणलं होतं, किती उरलं, उरलेल्याचं काय केलं. झालेली गोष्ट सांगताना माणूस मन राखत बसत नाही, आठवून आठवून सांगतो आणि त्या आठवण्यात तुमच्या कामाचं काहीतरी निघतं.

तर दुसऱ्या सोमवारी आम्ही वह्या घरी ठेवल्या. मी आणि एक मैत्रीण एका आज्जीकडून अर्धा किलो वांगी घेतली आणि तिला विचारून तिच्याच पालात मागे बसलो, अकरा ते संध्याकाळपर्यंत. पहिले दोन तास काही नाही, फक्त बघत होतो. कोथिंबिरीवर ओलं गोणपाट, दर अर्ध्या तासाने पाण्याचा हबका, सावली सरकली की बुट्टी सरकायची. म्हणजे तो पुसाचा शीतकक्ष आज्जी गोणपाटात चालवत होती, कुणी शिकवलं नव्हतं तिला. आणि साडेपाचला तिने ओरडायला सुरुवात केली, दहाला तीन पेंड्या, दहाला तीन. दुपारी तीच मेथी दहाला एक होती. मी पेंडी हातात घेऊन बघितली, चांगली टवटवीत.

"आज्जी, भाजी तर ताजी आहे, मग एवढी स्वस्त का?"

"सव्वासहाची यष्टी हाय बाळा. त्येच्यामागं गाडीच न्हाई."

"मग वडापच्या जीपनं जायचं."

"वडापवाला बुट्ट्या घेत न्हाई. घेतल्या तर दोन शिटांचं पैसं मागतोय."

"पण बुट्ट्या तर एसटीत पण न्यायच्याच असतात ना?"

आज्जीने माझ्याकडे अशी नजर टाकली की हिला कॉलेजात घेतलं कुणी. मग दोन रिकाम्या बुट्ट्या उचलून एकात एक घालून दाखवल्या. "रिकाम्या एकात एक बसत्यात. भरल्याली बसती व्हय?"

तिथे मला लख्ख दिसलं. भाजी नासते म्हणून ती विकत नव्हती, बुट्टी रिकामी करायची होती म्हणून विकत होती. उरलेली मेथी म्हणजे एसटीत एक जागा जास्त, कंडक्टरशी भांडण आणि लगेजचे पैसे. २०२३च्या मार्चपासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, त्यावर शेजारची मावशी म्हणाली, "बाईचं अर्धं झालं, बुट्टीचं कुठं झालं?" आणि हे गिऱ्हाइकांनाही माहीत असतं. माझी आई पण बाजाराला साडेपाचलाच जाते, मला वाटायचं ऊन उतरलं म्हणून. त्या दिवशी घरी जाऊन आईला विचारलं तर ती हसली नुसती.

आमचं कोल्ड स्टोरेज त्या संध्याकाळी बाद झालं. थ्रीडी मॉडेलवाला आठवडाभर बोलत नव्हता माझ्याशी.

तुमच्या पुस्तकात एम्ब्रेसची केस असेलच. नसेल तर थोडक्यात सांगते, २००७ साली स्टॅनफर्डच्या काही विद्यार्थ्यांना कमी वजनाच्या बाळांसाठी स्वस्त इनक्युबेटर, म्हणजे बाळाला उबेत ठेवायची पेटी, करायचं काम मिळालं होतं, त्यांच्यातलं कुणीतरी नेपाळला गेलं तर तिथल्या हॉस्पिटलात इनक्युबेटर रिकामेच पडलेले, कारण बाळं जन्मत होती लांब खेड्यात आणि तिथून हॉस्पिटलपर्यंत पोचतच नव्हती. मग त्यांनी इनक्युबेटर सोडलं आणि झोपायच्या पिशवीसारखं काहीतरी केलं, तेच एम्ब्रेस, आत मेणासारख्या पदार्थाची पुडी, ती एकदा गरम केली की काही तास ३७ अंशांच्या आसपास राहते, वीज नको. मला त्यातला पुढचा किस्सा जास्त आवडतो. भारतात चाचणी घेताना त्यांना कळलं की बाळांच्या आया डॉक्टरी औषधाला फार कडक समजतात, बाळाला निम्माच डोस देतात, म्हणजे ३७ म्हटलं तर सावधगिरी म्हणून ३०वरच ठेवतील. मग त्यांनी आकडाच काढून टाकला आणि ठीक आहे की नाही एवढंच दाखवणारी खूण ठेवली. लेक्चरमधे ऐकताना मी यावर मान डोलावली होती, आणि तरी पुढे तीच चूक केली, ती सांगतेच.

वहीच्या पहिल्या पानावर आम्ही आधी लिहिलं होतं, "भाजी टिकवण्यासाठी कमी खर्चाची थंड पेटी." ते खोडून खाली लिहिलं, "शेवटच्या एसटीला बांधलेल्या बायकांना बाजारात पाऊण तास जास्त बसता आलं पाहिजे." पाऊण तास का, तर सहानंतर बँकेतली, शाळेतली, दुकानातली माणसं सुटतात आणि ती घासाघीस कमी करतात, हे पण आज्जीकडूनच कळलं. या एका वाक्याला आम्हाला पाच आठवडे लागले. तुमचंही पहिलं वाक्य खोडलं गेलं नाही तर समजा तुम्ही मुलाखती घेतल्याच नाहीत, फक्त सह्या गोळा केल्यात.

प्रोटोटाइप म्हणजे ॲप असं आमच्या डोक्यात होतं, पण आम्ही फोन आणि कागदावर भागवलं. कांदे घेऊन येणारा एक छोटा हत्ती संध्याकाळी त्याच रस्त्याने रिकामा परत जातो हे एका मावशीनेच सांगितलं. पहिली आयडिया होती की बायकाच त्यात बसतील, ती सरांनी हाणून पाडली, मालाच्या गाडीत माणसं बसवणं बेकायदेशीर आहे आणि उलटली तर कोण बघणार. बरोबरच होतं. मग माणसं वडापनं आणि बुट्ट्या छोट्या हत्तीतनं, बुट्टीमागे वीस रुपये, बुट्ट्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर उतरवायच्या. बुट्ट्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आम्ही लॅमिनेट केलेले नंबर बनवले, वर क्यूआर कोड सुद्धा, एम्ब्रेसवाल्यांनी टाळलेली आकड्याची चूक ती हीच. पहिल्याच दिवशी टपरीवर गोंधळ, नंबर कुणाचा कुठला ते कुणाच्या लक्षात नाही आणि अंधारात दिसतही नाहीत. पुढच्या सोमवारी आज्जीने आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बुट्टीच्या कानाला बांधून आणली, तिचं बघून सगळ्यांनी आपापल्या साडीची बांधली. आपल्या साडीचा रंग कोण विसरतं? माझे लॅमिनेशनचे एकशेसाठ रुपये गेले ते गेले.

सगळं जमलं असं नाही. पहिल्या खेपेला ड्रायव्हर चहाला थांबला तो साडेनऊला पोचला, टपरीवाला दुकान बंद करून बसलेला, आणि दोघींनी दुसऱ्या दिवशी बुट्ट्या घेतल्या. नंतर सातची वेळ पक्की केली. सात जणींपैकी पाच थांबायला लागल्या, आज्जी मेथी दहाला दोन विकून गेली, तीन नाही. पण एक मावशी दुसऱ्याच वेळी म्हणाली मला नको बाबा, घरी म्हशीची धार काढायची असते, पाऊण तासाने म्हैस दूध चोरती. बायकांना घरी गेल्यावर काय काय असतं ते आम्ही मुलाखतींत विचारलंच नव्हतं. बाजारातल्या बाईला बाजारातलेच प्रश्न विचारले.

किती मुलाखती घ्यायच्या असंही विचारलंय तुम्ही. पाच पुरतात असं कुणीतरी सांगेल, तो पाचचा आकडा जेकब नील्सन या वस्तू-वेबसाइट वापरायला सोप्या आहेत का ते तपासणाऱ्या तज्ज्ञाचा आहे आणि तो तयार वस्तू वापरून बघणाऱ्या लोकांबद्दल आहे, असल्या शोधाशोधीच्या मुलाखतींबद्दल नाही, लोक सर्रास मिसळतात. आमचा अनुभव असा की चौदा घाईच्या मुलाखतींतनं काही निघालं नाही आणि एका आज्जीजवळ सहा तास बसून सगळं निघालं, मग आठ-नऊ जणींशी बोलून ते खरं आहे का तपासलं. जाताना शक्यतो दोघं जा, एकाने बोलायचं आणि एकाने गप्प बसून बघायचं, चौघं गेलात की छापा पडल्यासारखं वाटतं. रेकॉर्डिंग, फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि विचारलंत तरी फोन समोर दिसला की माणूस बातमीत बोलल्यासारखं बोलतो, म्हणून आम्ही बाहेर आल्यावर लगेच एसटी स्टँडच्या बाकावर बसून आठवेल ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढायचो. "वाहतुकीची अडचण आहे" असं आपल्या भाषेत लिहिलंत की संपलं, "भरल्याली बसती व्हय" असंच लिहा. आणि धंद्याच्या वेळी कुणाच्या पालासमोर उभं राहू नका, गिऱ्हाईक अडतं, काहीतरी विकत घ्या आधी.

मार्कांचं म्हणाल तर आम्हाला ठीकठाक पडले. ज्या ग्रुपने सेन्सरवाला भाजीचा डबा केला त्यांना जास्त पडले, डबा दिसायलाही छान होता, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच्यासोबत फोटो काढला. सेमिस्टर संपल्यावर आम्ही बाजारात जाणं बंद केलं, हे मला आजही लागतं. दिवाळीत घरी गेले तेव्हा आईबरोबर बाजारात गेले, आज्जी भेटली. छोटा हत्तीवाल्याने गाडी विकली म्हणे, पण त्या बायकांनी दुसरा एक पिकअपवाला गाठलाय, तो पंचवीस घेतो आणि बुट्ट्या थेट वस्तीवर सोडतो. पेंडी दहाला दोनच होती. आईने घासाघीस केली.