चीनमध्ये तांदळाची किंवा धान्याची पारंपरिक दारू कोणती असते?

मुख्य प्रकार दोन: ह्वांगजिऊ आणि बायजिऊ. बरेच जण दोन्हींना सरसकट 'राइस वाइन' म्हणतात, ते चूक आहे.

ह्वांगजिऊ फक्त आंबवतात, भट्टीवर गाळत नाहीत. सगळ्यात नावाजलेली झेजियांग प्रांतातल्या शाओशिंगची. चिकट तांदूळ भिजवून वाफवतात, त्यात पाणी आणि 'छू' घालतात. खरी करामत या छूची. दळलेला ओला गहू दाबून त्याच्या विटा करतात आणि उबदार खोलीत ठेवतात, मग त्यावर बुरशी आणि यीस्ट वाढतं. बुरशी तांदळातल्या स्टार्चची साखर करते आणि त्याच वेळी, त्याच रांजणात यीस्ट त्या साखरेची दारू करतं. नंतर पिळून, गाळून मातीच्या रांजणात मुरवतात. रंग मधासारखा, अल्कोहोल साधारण १४ ते २० टक्के. थंडीत कोमट करून पितात. मुलगी जन्मली की रांजण पुरायचा आणि तिच्या लग्नात उघडायचा, ही शाओशिंगचीच प्रथा.

बायजिऊ मात्र भट्टीवर गाळलेली, पाण्यासारखी नितळ आणि जबरदस्त कडक. ती बहुतेक वेळा ज्वारीची असते, हे आपल्याकडच्या भाकरी खाणाऱ्यांना नक्की आवडेल! ग्वेइझोऊ प्रांतातली माओताय ५३ टक्क्यांची असते.

स्वयंपाकासाठी शाओशिंग घेत असाल तर लेबल वाचा. 'कुकिंग वाइन' म्हणून विकतात तिच्यात बहुधा मीठ घातलेलं असतं, त्यामुळे सोया सॉस जपून घाला.