विहीर कशानं तुंबलीय ते आधी बघ, मग सरफॅक्टंट निवड

तुझा प्रश्न काल रात्री वाचला. कोल्हापूरचा मुलगा, केमिकलची पदवी घेऊन मेहसाण्याकडं तेलक्षेत्रात सर्व्हिस कंपनीत लागलाय, आणि सहा महिने झाले तरी विहिरीच्या प्रत्येक जॉबला सरफॅक्टंटचा, म्हणजे द्रवाचा पृष्ठताण उतरवणाऱ्या साबणासारख्या रसायनाचा, ड्रम का ओततात हे कुणी नीट सांगत नाही. तू विचारलंयस की हे नुसतं साबणपाणी आहे का, सगळ्यात जास्त तेल कुठला सरफॅक्टंट काढतो, आणि व्हीईएस (सरफॅक्टंटचाच घट्ट द्रव) गाळ सोडत नाही तर फ्रॅक्चरिंगला लोक अजून गवार गमच का वापरतात. शिवाय तुमच्या एका गॅसविहिरीत सोप स्टिक, म्हणजे फेस करणारी साबणाची कांडी, टाकूनही ती साठलेलं पाणी उचलत नाही. मी सत्तावीस वर्षं विहिरीत ॲसिड सोडून खडकातली वाट मोकळी करायच्या आणि फ्रॅक्चरिंगच्या, म्हणजे दाबानं खडकाला भेग पाडायच्या, कामात काढली, त्यातली बरीचशी गुजरातेत. आता घरी, राजारामपुरीत असतो. माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून एकेरीत लिहितो.

पहिल्यांदा दुसरा प्रश्न घेतो, कारण बाकीची गाडी तिथंच अडलीय. सरफॅक्टंट तेल काढत नाही. तेल बाहेर येतं ते साठ्यातल्या दाबामुळं. सरफॅक्टंट फक्त वाटेतली एखादी अडचण दूर करतो, तीही विशिष्ट प्रकारची. विहिरीला ती अडचणच नसेल तर जगातला सगळ्यात महाग ड्रम ओतलास तरी उत्पादन जागचं हलणार नाही. आणि चुकीचा ओतलास तर कमी होईल. हे मी डोळ्यांनी बघितलंय, पुढं सांगतो.

अडचण म्हणजे काय ते एका उदाहरणानं घे. वर्कओव्हरला, म्हणजे विहिरीच्या दुरुस्तीला, ती शांत करायला आपण खारं पाणी भरतो. त्यातलं काही खडकात शिरतं आणि परफोरेशनच्या (विहिरीच्या पाइपातून खडकात पाडलेल्या भोकांच्या) आसपासच्या बारीक छिद्रांत अडकून बसतं. तिथं केशाकर्षणाचं गणित लागतं: दोनदा पृष्ठताण गुणिले स्पर्शकोनाची कोसाइन, भागिले छिद्राची त्रिज्या. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलीन्यूटन धर, खडक पूर्ण पाणी धरणारा समज. त्रिज्या १ मायक्रॉन असेल तर पाणी धरून ठेवणारा दाब येतो सुमारे २० पीएसआय (चौरस इंचाला पौंड). हा चालून जातो, चांगल्या दाबाची विहीर तो सहज ढकलते. पण घट्ट वाळूखडकात त्रिज्या ०.१ मायक्रॉन घेतलीस की तोच आकडा २०० पीएसआयच्या वर जातो. दाब उतरलेल्या गॅसविहिरीला एवढा जोर नसतो, आणि वर मीटर बघणारा माणूस म्हणतो, विहीर मेली. आता त्याच पाण्यात योग्य सरफॅक्टंट असता आणि पृष्ठताण ३० वर आला असता, तर २०० चे ८५-९० झाले असते. साबणपाणीच म्हण हवं तर, पण बघ त्यानं काय केलं. तेल वाढवलं नाही, पाण्याची पकड सैल केली.

इथं नवी मुलं एक चूक करतात, डोस वाढवत नेतात. पाण्यात सरफॅक्टंट टाकत गेलास की एका मर्यादेपर्यंत पृष्ठताण उतरतो. मग रेणू आपापसात गोळे करून बसतात, मायसेल म्हणतो ते, आणि त्यापुढं ओतलेल्या मालानं पृष्ठताण फारसा हलत नाही. हजार लिटरला १ ते ५ लिटर हा नेहमीचा डोस असतो. जास्तीचा माल लागतो तो वेगळ्या कारणानं: खडक, विशेषतः चिकणमाती असलेला खडक, सरफॅक्टंट शोषून घेतो. पहिल्या काही इंचांतच तो संपला तर पुढं जातं ते साधं पाणी. म्हणून डोस ठरवताना माझा पहिला प्रश्न असायचा की कोअरमध्ये, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्यात, चिकणमाती किती आणि कुठली.

आता ती चुकलेली विहीर. कंपनीचं नाव घेत नाही, त्याला अर्थ नाही. वाळूखडकातली तेलविहीर होती, दिवसाला १४ घनमीटर देणारी. ॲसिड जॉब ठरला. ठरलेलं नॉन-इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकमेकांत घट्ट मिसळू न देणारा सरफॅक्टंट, साइटवर पोचलं नव्हतं. यार्डात दुसरा ड्रम होता, लेबलवर ‘सरफॅक्टंट’ एवढंच. सुपरवायझर म्हणाला, तेही तेच आणि हेही तेच, घाला. मी तेव्हा नवीन होतो, गप्प बसलो. तो ऋणभारित होता, आणि ॲसिडमधला गंजरोधक धनभारित, बहुतेक ॲसिड गंजरोधक तसेच असतात. दोघं एकमेकांना भेटले की चिकट साका धरतो, आणि दोघंही आपापलं काम सोडतात. जॉबनंतर विहीर उघडली तर दिवसाला ५ घनमीटर. नमुना बाटलीत घेतला तर मधोमध तपकिरी थर, ताटातल्या शिऱ्यासारखा, बाटली आडवी केली तरी न सरकणारा. तेल, वापरलं गेलेलं ॲसिड आणि खडकातली बारीक धूळ यांचं घट्ट इमल्शन, सहज वेगळं न होणारं मिश्रण. तेच खाली परफोरेशनच्या तोंडाशी बसलं होतं. म्युच्युअल सॉल्व्हंट (तेल आणि पाणी दोन्हींत मिसळणारा द्रावक) आणि बरोबर तपासलेला डीइमल्सिफायर (इमल्शन फोडणारं रसायन) घेऊन पुन्हा जॉब केला तेव्हा ती परत आली, पण दोन महिने गेले. त्या दिवशी मी ‘थांबा, बाटलीत बघू या’ एवढं म्हणायला हवं होतं.

बाटलीत बघणं म्हणजे काय ते सांगतो, कारण हे काम तुझ्या हातात आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. त्याच विहिरीचं ताजं क्रूड घे, डीइमल्सिफायर न घातलेलं. टाकीतलं नको, वेलहेडवरचं, विहिरीच्या तोंडाशी घेतलेलं. जो द्रव पंप करणार तो सगळ्या रसायनांसकट बनव, एकेक सुटं सुटं तपासून उपयोग नाही. ताजं ॲसिडही तपास आणि खडकाशी पूर्ण वापरलं गेलेलंही, कारण परत येताना तेलाला भेटतं ते वापरलेलं ॲसिड. निम्मं क्रूड, निम्मा द्रव, थोडी बारीक चिकणमाती, जोरात हलवून विहिरीच्या तापमानाच्या पाण्यात ठेव आणि घड्याळ लाव. एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) आरपी ४२ म्हणून जुनी शिफारस आहे, तिच्यात ही पद्धत दिलीय. दहा मिनिटांत वर काळं आणि खाली स्वच्छ पाणी, मधे सुरीनं कापल्यासारखी रेघ, असं झालं तर ठीक. मग ते सगळं १०० मेशच्या चाळणीतून ओत. चाळणीवर डांबरासारखं काही राहिलं तर जॉब थांबव. पुरवठादाराच्या माहितीपत्रकावर ‘सर्व क्रूडसाठी योग्य’ लिहिलेलं असतं. मी ते वाक्य कधी धरलं नाही.

ऋण-धनाची अजून एक बाजू आहे. वाळूच्या कणाचा पृष्ठभाग नेहमीच्या पीएचला ऋणभारित असतो. त्यावर धनभारित सरफॅक्टंट गेला की डोकं खडकाला चिकटतं आणि तेलकट शेपटी बाहेर राहते. पाणी धरणारा खडक तेल धरणारा होतो, तेलाची वाट अरुंद होते. चुनखडकात ढोबळमानानं उलट, तिथं ऋणभारितापासून जपायचं. म्हणून एका क्षेत्रात चाललेला माल दुसऱ्या क्षेत्रात आंधळेपणानं नेऊ नको. खडक कुठला ते आधी विचार.

आता व्हीईएस, म्हणजे विस्को-इलॅस्टिक सरफॅक्टंट. मला मनापासून आवडणारी गोष्ट आहे ही. फ्रॅक्चरिंगला वाळू वाहून न्यायला घट्ट द्रव लागतो. जुना मार्ग गवार गमचा. आपण जी गवारीची भाजी करतो तिच्याच बियांचं पीठ, राजस्थानातून जगभर जातं; २०११-१२ ला अमेरिकेतल्या फ्रॅकिंगमुळं त्याचे भाव असे भडकले की शेतकऱ्यांनी दुसरी पिकं सोडून गवार लावली. बोरेटनं त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधायच्या, वाळू नेली की ब्रेकर घालून त्या तोडायच्या. पण तोडल्या तरी काही गाळ उरतोच, आणि तो नेमका आपण पैसे खर्चून केलेल्या भेगेतच बसतो.

व्हीईएसमध्ये पॉलिमरच नाही. लांब शेपटीचे छोटे रेणू असतात. एका प्रसिद्ध प्रकारात बावीस कार्बनची शेपटी, मोहरीच्या तेलात जे इरुसिक आम्ल असतं त्याच्या कुळातली. खाऱ्या पाण्यात हे रेणू गोळे न करता लांबलचक शेवया करतात आणि त्या शेवया एकमेकींत गुंततात. बीकर तिरका केलास की द्रव जाड धारेनं उतरतो, मधेच थांबवलास की मागं आखडतो. पंपात शेवया तुटतात, बाहेर पडल्या की पुन्हा जुळतात. आणि खाली तेलाचा स्पर्श झाला की शेवयांचे पुन्हा गोळे होतात, द्रव पाण्यासारखा पातळ होतो, गाळ न सोडता निघून येतो. हा द्रव १९९० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आला.

मग सगळीकडं का नाही? आता ‘तेलाचा स्पर्श झाला की’ हे शब्द पुन्हा वाच. कोरड्या गॅसच्या विहिरीत द्रव तेल नाही. तिथं तो पातळ कोण करणार? साठ्यातल्या पाण्यानं विरळ झाला तर झाला, नाहीतर आत ब्रेकर घालावा लागतो. दुसरं, गवार गम भेगेच्या भिंतीवर थर धरतो, व्हीईएस धरत नाही, त्यामुळं जरा सच्छिद्र खडकात द्रव भिंतीतून निसटत राहतो आणि भेग हवी तेवढी वाढत नाही. तिसरं तापमान. सुरुवातीची मिश्रणं १०० अंश सेल्सिअसच्या पुढं ढेपाळायची, नंतरची सुधारली. चौथा खर्च, कारण इथं हजाराला ५ लिटर नाही, शंभराला काही लिटर लागतात. माझं मत विचारशील तर मध्यम तापमानाची, कमी पारगम्यतेची, तेल देणारी विहीर असेल तर मी आधी व्हीईएसचा विचार करीन. चुनखडकात तर ॲसिडबरोबर तो फारच सुंदर चालतो: ॲसिड खडक खातं, पीएच चढतो, कॅल्शियम वाढतं, द्रव तिथल्या तिथं घट्ट होतो आणि मागचं ॲसिड न खाल्लेल्या थराकडं वळतं. मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडकाचा आहे, तसल्या खडकात ॲसिड वळवणं हे निम्मं काम असतं.

अल्कली-सरफॅक्टंट-पॉलिमरनं सगळा साठाच धुऊन काढायचा, जसा गुजरातेत विराज या तेलक्षेत्रात प्रयोग झाला, तो प्रांत निराळा. तिथं तेल-पाण्यामधला ताण काही हजारपटींनी खाली न्यावा लागतो. ते वेगळ्या धाग्यात विचार.

आता तुझी गॅसविहीर, आणि इथं तू कोल्हापूरचा असल्याचा फायदा आहे. गुऱ्हाळावर गेला असशीलच. आमच्या काकांचं करवीर तालुक्यात होतं. काहिलीत रस तापून मळी काढून झाली की एका क्षणी सगळा फेस काठाशी चढायचा. चुलवाणाचा जाळ एकदम कमी करता येत नाही. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, शांतपणे गोडेतेलाचे चार थेंब टाकायचा, आणि फेस बघता बघता खाली बसायचा. लहानपणी मला ती जादू वाटायची.

तुमच्या विहिरीत बहुधा हेच चाललंय. गॅसविहिरीत पाणी साठतं कारण ट्यूबिंगमधला, म्हणजे गॅस वर आणणाऱ्या आतल्या पाइपातला, गॅसचा वेग थेंब उचलायला पुरत नाही. टर्नरनं १९६९ साली याचं गणित मांडलं. त्यात पृष्ठताण चौथ्या मुळात येतो. तो निम्मा केलास तरी लागणारा वेग जेमतेम १६ टक्के उतरतो. खरा फायदा फेसाचा, कारण फेस झाला की द्रवाची घनताच पडते. म्हणजे फेस टिकलाच पाहिजे. पाण्याबरोबर कंडेन्सेट, म्हणजे गॅसमधून वेगळं होणारं हलकं तेल, येत असेल तर ते गुळव्याच्या तेलाचं काम करतं. साध्या पाण्याच्या विहिरीसाठी बनवलेली कांडी तिथं कितीही टाका, फेस बसणार. कंडेन्सेटमध्ये टिकणारे फेसक वेगळे मिळतात. पण कंडेन्सेटच जास्त असेल तर सरळ बारीक ट्यूबिंग किंवा प्लंजर लिफ्टचा (पाइपात दट्ट्या वर-खाली करून पाणी उचलण्याचा) हिशेब करावा. पाणी फार खारं असेल तरी काही फेसक हात टेकतात.

घरी करून बघ: रिठ्याचं पाणी बाटलीत हलव, फेस मोज, मग त्यात थोडं रॉकेल घालून पुन्हा हलव. साइटवर हेच विहिरीचं पाणी आणि कंडेन्सेट घेऊन, त्याच प्रमाणात, गरम करून कर. आणि कांडी टाकल्यावर विहीर तासभर तरी बंद ठेवता ना? ती खाली पोचून विरघळायला वेळ लागतो. घाईनं उघडली तर अर्धवट विरघळलेली कांडी वर येते.

एक काळजी मात्र घे. नोनिलफिनॉलवाले आणि फ्लोरिनवाले सरफॅक्टंट पृष्ठताणाच्या आकड्यात देखणे दिसतात, पण पहिले पाण्यातल्या जिवांच्या संप्रेरकांना बाधतात आणि दुसरे निसर्गात विघटनच पावत नाहीत. पर्याय असताना मी ते घेतले नाहीत. परत आलेलं पाणी कुठं जातं हे तू स्वतः जाऊन बघ, कागदावर विश्वास ठेवू नको. तिकडंही लोक विहिरीचं पाणी पितात.

आपल्या पायाखाली कोल्हापुरात जो काळा बेसाल्ट आहे, तोच दख्खनचा दगड खंभातच्या खोऱ्यात खोल तळाशी आहे आणि त्याच्यावर साचलेल्या गाळाच्या थरांत तुमचं तेल आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा हे कळल्यावर परकं वाटायचं थांबलं होतं.

तर आता एवढं कर: त्या गॅसविहिरीचं रोजचं पाणी आणि कंडेन्सेट किती, पाण्याची क्षारता किती, ट्यूबिंगचा व्यास, वेलहेडचा दाब आणि कांडी कधी-कधी टाकता, हे इथंच लिही. रिठ्याच्या प्रयोगासारखा विहिरीच्या पाण्याचा प्रयोग केलास तर फेस किती मिनिटं टिकला तेही लिही. मग पुढची कांडी कुठली ते ठरवू.