खानापूरची मुलगी, रेफ्रीची शिट्टी आणि फिफाचा बॅज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाची २० वर्षांची, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळते. तिला रेफ्री व्हायचंय, जमलं तर आंतरराष्ट्रीय. कोल्हापूरला फुटबॉल जोरात आहे, मग परीक्षा तिकडेच द्यावी का, आणि वय निघून गेलंय का?

वय गेलेलं नाही. राज्याचं मात्र आत्ताच ठरवा, कारण सीमाभागातली मुलं नेमकी इथेच अडकतात.

आपल्याकडून कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर, गोवाही साधारण तेवढंच, आणि बेंगळुरू पाचशेच्या घरात. पण रेफ्रीची नोंदणी अंतरावर ठरत नाही. कोल्हापूर, गडहिंग्लज येतात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनखाली, गोव्याची संघटना वेगळी, आणि बेळगाव जिल्हा कर्नाटक राज्य फुटबॉल असोसिएशनकडे. ज्या राज्यात नोंदणी, त्याच राज्याची संघटना तिला पुढे राष्ट्रीय परीक्षेला पाठवणार. मधेच राज्य बदलायचं तर ना-हरकत पत्र आलं, ज्येष्ठतेचा घोळ आला, आणि नव्या ठिकाणी तिला ओळखणारं कोणी नसतं. ती शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी कायमची कोल्हापूरला जाणार असेल तरच तिकडे नोंदवा. नाहीतर बेळगाव जिल्हा असोसिएशनमार्फत कर्नाटकातच. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीची आहे, सकाळी बेंगळुरूत उतरून परीक्षा देता येते. कर्नाटकात मुलींच्या सामन्यांना महिला रेफ्री हव्याच असतात, आणि मराठी-कन्नड-हिंदी तिन्ही बोलणारी मुलगी मैदानावर वाद लवकर मिटवते.

कोल्हापूरचा उपयोग वेगळा आहे. शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना असला की प्रेक्षकांत बसून चेंडूकडे न बघता फक्त रेफ्रीकडे बघायचं: पेनल्टी दिल्यावर तो कुठे उभा राहतो, घोळक्यापासून किती अंतर ठेवतो, कार्ड कधी खिशातच ठेवतो. एवढा ताण दुसरीकडे फुकट शिकायला मिळत नाही. फक्त बक्षिसाच्या गावठी स्पर्धांत शिट्टी धरण्याआधी आपल्या जिल्हा असोसिएशनला विचारा. मान्यता नसलेल्या स्पर्धेमुळे नोंदणी अडचणीत येऊ शकते.

आता वयाचं गणित. फिफाच्या यादीत मुख्य रेफ्री म्हणून यायला वर्षाच्या १ जानेवारीला २५ पूर्ण हवीत, सहाय्यकासाठी (रेषेवर झेंडा धरणाऱ्यासाठी) २३. शिवाय देशातल्या वरच्या लीगमध्ये किमान २ वर्षं नियमित काम केलेलं हवं. नाव राष्ट्रीय संघटना पाठवते, आणि यादीत आल्यावर मिळणारा बॅज एका कॅलेंडर वर्षापुरताच असतो. दर वर्षी नव्याने कमवायचा. भाची आज सुरुवात करून राज्याच्या पायऱ्या तीन-चार वर्षांत चढली, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राजमाता जिजाबाई करंडक (महिलांची राष्ट्रीय स्पर्धा) आणि इंडियन विमेन्स लीगचे सामने, असं धरलं तर २७-२८ हा प्रामाणिक अंदाज. पंचविसाव्या वर्षी बॅज मिळेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मुख्य रेफ्री की सहाय्यक, हे राष्ट्रीय परीक्षेच्या आधी ठरलेलं बरं. लोक सहाय्यकाला अजून 'लाइनमन' म्हणून हिणवतात, ते मनावर घेऊ नका. भारतातून फिफाच्या स्पर्धेत गेलेल्या गोव्याच्या उवेना फर्नांडिस सहाय्यकच होत्या, २०१६च्या जॉर्डनमधल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात. २०२२च्या कतार विश्वचषकात जर्मनी-कोस्टा रिका सामना स्टेफनी फ्रापारने घेतला, तेव्हा दोन्ही रेषांवर ब्राझीलची न्यूझा बाक आणि मेक्सिकोची कारेन दियास होत्या. सहाय्यकाचं काम वेगळं: सतत शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहायचं, त्यासाठी आडवं पळायचं. त्यांच्या चाचणीतही सरळ, मग डावीकडे आडवं, उजवीकडे आडवं, पुन्हा सरळ असं पळणं येतं. कमी अंतरात झटकन वळणारी मुलगी असेल तर झेंडा. लांब पळू शकणारी आणि चारचौघांत आवाज न चढवता ठाम बोलणारी असेल तर शिट्टी.

फिटनेस चाचणीवर सविस्तर लिहितो, कारण खेळाडू मुली इथे गाफील राहतात. महिला आंतरराष्ट्रीय रेफ्रीसाठी दोन भाग. पहिला: ४० मीटरच्या ६ धावा, प्रत्येक ६.४ सेकंदांत, मधे जास्तीत जास्त ६० सेकंद, तेवढ्यात चालत परत सुरुवातीला यायचं. एक चुकली तर सातवी संधी मिळते, दोन चुकल्या तर संपलं. त्यानंतर ६ ते ८ मिनिटांत दुसरा भाग: ७५ मीटर १७ सेकंदांत पळायचं, २५ मीटर २० सेकंदांत चालायचं, असं ४० वेळा. म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर १० फेऱ्या, २४ मिनिटं ४० सेकंद. शिट्टी होईपर्यंत चालण्याच्या पट्ट्यात किमान एक पाय पोचलेला हवा. पहिल्यांदा चुकलं तर ताकीद, दुसऱ्यांदा बाहेर. राज्य पातळीच्या वेळा त्या त्या वर्षीच्या सूचनेत बघा, पण तयारी याच आकड्यांवर करा.

मुली नापास होतात त्या बहुधा पंचविसाव्या-तिसाव्या धावेला. सुरुवातीला ७५ मीटर १३ सेकंदांत मारतात, पट्ट्यात लवकर पोचून उभ्या राहतात, आणि पाय जड झाल्यावर १७ सेकंदही पुरत नाहीत. १६ सेकंदांचा ठेका पायात बसला पाहिजे. मोबाइलमध्ये १७ आणि २० सेकंदांच्या शिट्ट्यांची फाइल करून कानात लावा. ट्रॅक नसेल तर कॉलेजच्या मैदानावर मोजपट्टीने ७५ आणि २५ मीटर मोजून कोन ठेवा. पावलांनी मोजू नका, फरक पडतो. पहिल्या आठवड्यात १६ धावा, दर आठवड्याला ४ वाढवा, सातव्या आठवड्यात ४० होतात. हे आठवड्यातून एकदाच, आणि वेगळ्या एका दिवशी ४० मीटरचे स्प्रिंट. रोज केलं की नडग्या दुखायला लागतात. खानापूरच्या पावसाळ्यात मैदान म्हणजे नुसता चिखल, म्हणून जून ते सप्टेंबर ताकदीचे व्यायाम आणि नियमांचा अभ्यास. लांब धावा ऑक्टोबरपासून, तेही डांबरी रस्त्यावर नकोत.

आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२च्या खाली असेल तर आधी डॉक्टर, मग ट्रॅक. चाचणीची तारीख पाळीप्रमाणे बदलत नाही, म्हणून एखादी पूर्ण सराव चाचणी त्या दिवसांतही देऊन बघावी.

नियमपुस्तकात १७ नियम. बदल साधारण १ जुलैपासून लागू होतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या नोट्सवर विसंबून चालत नाही. २०२५पासून गोलकीपरने चेंडू ८ सेकंदांहून जास्त हातात धरला तर कॉर्नर, आणि शेवटची ५ सेकंदं रेफ्रीने हात वर करून मोजून दाखवायची. आधीचा ६ सेकंदांचा नियम आणि इनडायरेक्ट फ्रीकिक आता विसरायचे. फाउल आणि कार्डांचा बारावा नियम मात्र पाठ नको, समजायला हवा. निष्काळजी फाउलला कार्ड नाही, समोरच्याला धोका होईल याची पर्वा न करता केलेल्याला पिवळं, अवाजवी जोर लावला तर लाल. लेखी आणि व्हिडिओ परीक्षेत याच तीन पायऱ्या फिरवून विचारतात.

अहवाल हा आपल्या भागातल्या मुलांचा खरा कच्चा दुवा. निर्णय बरोबर असतो, पण शिस्त समितीपुढे टिकत नाही. 'मुद्दाम रागाने लाथ मारली' असं लिहू नये, रेफ्रीला मन वाचता येत नाही. कितवं मिनिट, जर्सी क्रमांक, चेंडू खेळण्याजोग्या अंतरावर होता का, संपर्क कुठे झाला (घोट्याच्या वर की खाली), बुटाचे स्टड पुढे होते का, गुडघा ताठ होता का, नंतर खेळाडूला उपचार लागले का, हे लिहायचं. आणि इंग्रजीत. आशियाई फुटबॉल परिषदेचे वर्ग, व्हिडिओ चर्चा, हेडसेटवरचं बोलणं सगळं इंग्रजीतच चालतं. व्याकरण सुंदर नसलं तरी चालेल, वाक्यं छोटी आणि नेमकी हवीत. सामना संपला की त्याच दिवशी लिहायची सवय लावा.

बॅज मिळाल्यावरही लांबचा पल्ला असतो. फ्रापार २०१४मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीच्या पुरुष लीगमध्ये आल्या, पुरुषांच्या विश्वचषकाचा सामना आठ वर्षांनी मिळाला. रवांडाच्या सलिमा मुकान्सांगा २०१२पासून फिफाच्या यादीत, पुरुषांच्या आफ्रिका चषकात मुख्य रेफ्री म्हणून उतरल्या त्या जानेवारी २०२२मध्ये. आपल्याकडे बहुतेकांना पगार नाही, सामन्यागणिक मानधन. म्हणून नोकरी सुट्टी देणारी हवी: पोलीस, रेल्वे, किंवा बी.पी.एड. करून क्रीडाशिक्षिका. जर्मनीच्या बिबियाना श्टाइनहाउस बुंडेसलिगात शिट्टी धरायच्या तेव्हा पोलीस खात्यातच होत्या. खासगी शाळेत लागायचं ठरलं तर सुट्टीचं आधीच लेखी घ्या, कारण नेमणुकीचा निरोप कधीकधी चार-पाच दिवस आधी येतो.

शेवटचं, कंटाळवाणं पण महत्त्वाचं. आपल्याकडे एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्कशीटवर कन्नडमधून आलेलं स्पेलिंग, आधारवर मराठी वळणाचं, आणि वडिलांचं नाव कधी मधे तर कधी नुसतं आद्याक्षर. नोंदणीच्या फॉर्मवर, जन्मतारखेच्या पुराव्यात आणि पासपोर्टवर एकच नाव लागतं. भाचीची मार्कशीट आणि आधार या महिन्यात शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर आधी मार्कशीटप्रमाणे आधार दुरुस्त करा, मग पासपोर्टचा अर्ज, आणि जिल्हा असोसिएशनचा फॉर्म त्यानंतर.