पिंपाला खिळा मारू नका

प्रश्न : गावातली इंग्रजांच्या काळातली सुतारशाळा आम्ही छोटं संग्रहालय म्हणून जपतो. तिथल्या लाकडी पिंपाच्या कड्या मे महिन्यात ढिल्या होऊन घसरल्या. खिळे मारावेत का? – एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : अजिबात नको. पिंपात ना खिळा असतो ना सरस. मधे रुंद, टोकांना निमुळत्या अशा फळ्या कड्यांच्या आवळीवरच उभ्या राहतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड रुंदीत आकसतं आणि कडी सैल पडते. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, अशीच ढिली झाली की लाकूड फुगावं म्हणून चाक डोहात उभं करतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचं पिंप मात्र डोहात घालू नका. जुन्या लाकडावर गंजाचे काळे डाग उमटतात, बुरशीही धरते.

आधी फळ्यांना आतून खडूने क्रमांक द्या, कारण प्रत्येक फळी शेजारणीलाच बसते. पिंप पत्र्याखालून काढून सावलीत ठेवा, जवळ पाण्याची घमेली ठेवा, म्हणजे हवेतल्या ओलाव्याने लाकूड हळूहळू फुगेल. मग बाभळीचा ठोकळा कडीच्या काठावर टेकवून हातोडीने कडी टोकाकडून पोटाकडे सरकवा. एक ठोका इकडे, पुढचा बरोब्बर समोर. एकाच जागी ठोकत बसलात तर कडी तिरकी होते आणि फळी आत ढासळते. कडी फार घट्टही करू नका. पावसाळ्यात लाकूड फुगलं की कडीची टोकं जोडणारं रिबीट तुटतं.

अमेरिकेत विल्यम्सबर्ग या जुन्या वसाहतीच्या संग्रहालयात पिंपं घडवणारे कारागीर अजूनही हातानेच काम करतात. फळी वाकवायला पिंपाच्या आत विस्तव पेटवतात. तो प्रयोग मात्र तुमच्या वस्तूवर नको.